'सामान्य व्यक्ती'ची खुर्ची

(कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव बरंच भारदस्त छापलं आहे : 'नवे तंत्रज्ञान आणि नीती – तज्ज्ञ व नागरिकांचा सहभाग'. हा सहभाग प्रत्यक्षात कसा दिसतो, कोण बोलतं, कोण गप्प बसतं आणि कोणाला बोलावलंच जात नाही, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

तुमच्यापैकी निम्म्या जणी अंगणवाडीत काम करतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार, म्हणजे आपला टीएचआर, चेहरा जुळल्यावरच द्यायचा असं केंद्र सरकारनं ठरवलं. आधी आधार क्रमांक, मग आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, मग फोटो, आणि पुढे दर महिन्याला सेविकेच्या फोनसमोर चेहरा. बोगस लाभार्थी रोखणं हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल माझं भांडण नाही. पण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो आणि नवरा कामावर गेलेला असतो. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. दिवाळी झाली की ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलूप असतं. हे कोणत्याही संगणकतज्ज्ञाला ठाऊक असायचं कारण नाही. प्रत्येक सेविकेला ते ठाऊक असतं.

यंत्र चेहरा किती अचूक ओळखतं, हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे. पण नाही ओळखला तर ती बाई त्या दिवशी रिकाम्या हातानं परत जाणार का? तिचा फोटो कोणाकडे राहणार, किती वर्षं? 'माझा फोटो नको, आहार मात्र द्या' असं ती म्हणू शकते का? हे नीतीचे प्रश्न आहेत. ते विचारायला पदवी लागत नाही, विचारायची जागा लागते. तशी जागा नसली की काय होतं, हे आपण २०२१ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, हातातला फोन सारखा बंद पडणारा. शेवटी राज्यभरातल्या सेविकांनी फोनच सरकारला परत केले. वर्तमानपत्रांनी त्याला आंदोलन म्हटलं, ते बरोबरच आहे. पण तो तंत्रज्ञानावरचा अभिप्रायही होता, आणि कोणी आधी मागितला असता तर फुकट मिळाला असता!

काही ठिकाणी मात्र कायद्यानंच नागरिकासाठी खुर्ची ठेवली आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या सल्लागार समितीत तीन वैद्यकीय तज्ज्ञ आणि तीन सामाजिक कार्यकर्ते असावे लागतात, त्यांतली किमान एक व्यक्ती स्त्रीसंघटनेची. हे आपोआप घडलेलं नाही. १९८६ मध्ये मुंबईत गर्भलिंगपरीक्षेविरोधी मंच उभा राहिला, त्यात स्त्रीसंघटनांबरोबर डॉक्टर होते, वैज्ञानिक होते. गर्भजलपरीक्षा म्हणजे काय, ती कशासाठी निघाली आणि कशासाठी वापरली जाते, हे त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी डॉ. संजीव कुलकर्णी यांनीच केली. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला, १९९४ मध्ये देशाचा. तज्ज्ञ म्हणजे शत्रू असं मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. 'हे तुम्हाला कळणार नाही' म्हणणाऱ्या तज्ज्ञांनीही वाचावा.

नव्या औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणारी एथिक्स कमिटी हे दुसरं उदाहरण. २०१९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य हवेत. त्यात एक 'सामान्य व्यक्ती', एक कायदा जाणणारा आणि समाजशास्त्र किंवा स्वयंसेवी संस्थेतलं कोणीतरी. 'सामान्य व्यक्ती' हजर नसेल तर बैठकच होऊ शकत नाही. कागदावर किती मोठा अधिकार!

मी अशा एका समितीवर तीन वर्षं होते, संस्थेचं नाव सांगत नाही. आमची 'सामान्य व्यक्ती' म्हणजे निवृत्त बँक अधिकारी. गृहस्थ सज्जन, वेळेवर येत, सही करत. दोनशे पानांचा गठ्ठा आदल्या संध्याकाळी हातात पडायचा. एकदा मराठी संमतीपत्रात शब्द आला, 'यादृच्छिकीकरण'. सगळ्यांनी पान उलटलं. मी थांबवलं. कागद बाहेर न्यायला मनाई होती, म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत मी नुसती कल्पना बचतगटातल्या बायकांना सांगितली : 'चिठ्ठी टाकून ठरवणार, कोणाला खरं औषध आणि कोणाला दिसायला तसंच पण आत काहीच नसलेलं.' चिठ्ठी लगेच समजली. भिशीत टाकतोच की! मग एकीनं विचारलं, "मला खोटं आलं, तर तोवर माझं दुखणं कोण बघणार?"

संमतीपत्रात याचं उत्तर नव्हतं. समितीनं ते लिहायला लावलं, आणि 'यादृच्छिकीकरण' जाऊन 'चिठ्ठी टाकून' आलं. पण यात माझी हुशारी नव्हती. मी समाजकार्याची पदवीधर. गठ्ठा वाचायची सवय लागली की मीही पान उलटणाऱ्यांतलीच. प्रश्न आला तो ज्यांना त्या खोलीत कधी खुर्ची मिळणार नव्हती त्यांच्याकडून. एका माणसाला सामान्यांचा प्रतिनिधी करायचं आणि सामान्यांशी बोलायला त्याला बंदी घालायची, ही व्यवस्थाच मला चमत्कारिक वाटते. रुग्णांची नावं, कंपनीची गुपितं जपावीत. संमतीपत्राचा मसुदा कशाला गुप्त हवा?

समजलं की लोक घाबरून पळतात, असंही ऐकवलं जातं. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायकांना बोलावलं होतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोचल्या. हा प्रयोग आहे, त्याचे दुष्परिणाम काय, हे बायकांना कळलं तेव्हा बऱ्याच जणी निघून गेल्या. पुढच्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या पळाल्या नाहीत, त्यांनी निर्णय घेतला. ज्या संमतीत 'नाही' म्हणायची सोय नाही, ती संमती कसली?

मोठ्या प्रमाणावर विचारता येत नाही, हेही खरं नाही. बीटी वांग्याच्या वेळी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपलं नागपूरही होतं. सुमारे ८,००० लोक आले. गोंधळ झाला, घोषणा झाल्या, शास्त्रज्ञ चिडले. पण ९ फेब्रुवारीला स्थगितीचा निर्णय आला तो लेखी कारणांसह. त्याच्याशी वाद घालता येतो, कारण तो वाचता येतो. चेहरा ओळखण्याच्या सक्तीआधी एका तरी तालुक्यात अशी सुनावणी का होऊ नये?

आता जेवणानंतर आपण गटात बसू. प्रत्येकीला दोन कोरे कागद दिले आहेत. एकावर लिहा : चेहरा जुळला नाही म्हणून तुमच्या अंगणवाडीत मागच्या महिन्यात किती जणी परत गेल्या आणि त्यांना आहार मिळाला की नाही. नावं लिहू नका. दुसऱ्यावर त्या बायकांनी तुम्हाला काय विचारलं ते, त्यांच्याच शब्दांत. भाषा सुधारू नका.