गरोदरपणाची तपासणी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग



इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारख्या गावात स्त्री गरोदर राहिली की तिची नोंद होते, लस टोचली जाते, रक्त तपासले जाते. बाळंतपणानंतर ती दवाखान्याची पायरी चढते ती मुलाच्या लसीसाठी, स्वतःसाठी क्वचितच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नेमके येथेच फावते. वास्तविक हा रोग एकाएकी होत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर पेशी बदलू लागतात आणि त्यांचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत त्याला गाठता येते.

याचा पुरावा दूर शोधावयास नको. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या गटात विषाणूची तपासणी केवळ एकदा झाली, त्यात आठ वर्षांतील या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून तपासणी केली, तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मिनिटभरात पांढरा डाग उमटला, तर पुढील तपासणीस पाठवावयाचे, इतकी ही रीत साधी आहे.

गरोदरपणात मात्र आम्लाची तपासणी टाळतात, कारण त्या काळातील स्वाभाविक बदलांमुळे निष्कर्ष चुकू शकतो. ती प्रसूतीनंतर बारा आठवड्यांनी करावी. विषाणूविरोधी लसही प्रसूतीनंतरच. तथापि, गरोदरपणी रक्तस्राव वा दुर्गंधीयुक्त स्राव होत असेल, तर ‘दिवसच तसे आहेत’ म्हणून अंगावर काढू नये.

शासकीय कार्यक्रमात ही तपासणी तिशीपुढील स्त्रियांसाठी, दर पाच वर्षांनी आहे. गरोदर सून पुष्कळदा विशीतली असते. तिच्याशेजारी बाकावर बसलेली सासू चाळिशी-पन्नाशीची असते आणि तिला कोणी काहीच विचारीत नाही! दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीस सुनेसोबत ती येते, तेव्हा तिलाही आत बोलवावे.

साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोड भगिनी तर गावच्या कोणत्याच यादीत नसतात. बीड जिल्ह्यात अशा स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढल्याच्या तक्रारींवरून २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाते एवढ्यावरून गर्भाशय काढणे हा प्रतिबंध नव्हे.

शिक्षकांकडे ९ ते १४ वयाच्या मुली आहेत. लसीचा खरा लाभ याच वयात होतो. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. पंचायतीने तपासणीच्या जागी पडदा, पुरेसा उजेड आणि स्त्री कर्मचारी आहे ना, एवढे आधी पाहावे. यांपैकी एक जरी नसले, तरी सासू बाकावरून उठणार नाही.