विद्यापीठ दाराशी आले. विद्या घरात आली काय?

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही शिरोधार्य मानतो. आनंदाच्या दिवशी मागील हिशेब तपासून पुढील काम ठरविणे हे शहाण्या कुटुंबाचे लक्षण होय. म्हणून आज आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणाविषयी बोलण्याचे योजिले आहे.

हिंगोलीचा हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेस स्थापन झाले व तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलास घर आणि भाषा दोन्ही सोडून तेथे जावे लागे. १९५८ साली तेव्हाच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा आज त्याच्याच कक्षेत आहे. विद्यापीठ असे दाराशी आले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु विद्या घरात आली काय?

विज्ञानशाखेच्या एका तरुणाने आम्हांस आपली प्रयोगवही दाखविली. आकृत्या सुबक, आकडे बिनचूक. "हे प्रयोग तू स्वतः केलेस काय?" असे विचारता तो खाली पाहून म्हणाला, "साऱ्या वर्गाने एकमेकांची वही उतरविली." दोष एकट्या त्याचा नव्हे. जेथे शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक आज येथे तर उद्या दुसरीकडे असतो, व ठरावीक प्रश्न पाठ केले की परीक्षेचे भागते, तेथे मुलगा पाठांतरच करणार.

आता हे आम्हांस परवडणारे नाही. आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तीस सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा प्रकाश धाडून, दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने उठलेले गुरुत्वीय तरंग तेथे टिपावयाचे आहेत. त्या तरंगाने लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा सूक्ष्म असू शकतो! जेथे असे मोजमाप होणार, तेथे उतरविलेल्या वहीचा काय उपयोग? आमची मुले तेथे उपकरणांपाशी बसतील, की केवळ फाटकावर पहारा करतील? पहाऱ्याचे काम हलके नव्हे. परंतु दुसरा मार्गच नसणे हे दुःख होय.

शिक्षकांच्या जागा भरणे, प्रयोगशाळा व ग्रंथालये सुसज्ज करणे हे सरकारचे व विद्यापीठाचे कर्तव्य आहे, आणि ते मागण्याचा आम्हांस हक्क आहे. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. प्रवेश घेताना आम्ही फी विचारतो. यापुढे प्रयोग किती होतात व ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हेही विचारू. मुलाने गुण मिळविले म्हणजे पेढे वाटतो. त्याच वेळी, "जे शिकलास ते मला सोप्या मराठीत सांग," असेही म्हणू. ज्यास समजले तोच सांगू शकेल. आणि चर्चच्या सभागृहात सायंकाळी दिवा लावून सर्व मुलांसाठी अभ्यासिका चालवू. शिकलेल्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ तीस द्यावी.

धन्याने दिलेले द्रव्य भुईत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण सर्व जाणतो. आमच्या मुलांची बुद्धी हे तसेच सोपविलेले द्रव्य आहे. पुढील ज्युबिलीस त्याचा हिशेब आम्हांस आनंदाने देता यावा, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.