जबड्याचा सांधा : धीर कोठे धरावा, त्वरा कोठे करावी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षण, विवाह, व्यवसाय यांविषयी येथे दरवर्षी विचार होतो. आज आम्ही आपले लक्ष शरीराच्या एका लहानशा सांध्याकडे वेधू इच्छितो. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर. सबब जे सर्वमान्य आहे तेवढेच सांगू.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडावे. बोटाखाली जे हलते तो हनुसंधी, म्हणजे जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो, आणि तोंड मोठे उघडताना पुढेही सरकतो. त्याच्या दोन हाडांमध्ये एक मऊ चकती असते. ती जागची सरली म्हणजे ‘कट्’ असा आवाज होतो. नुसता आवाज असेल, वेदना नसेल व तोंड नीट उघडत असेल, तर बहुधा उपचाराची गरज नसते.

दुखण्याचे मूळ पुष्कळदा स्नायूंत असते. झोपेत दात खाल्ल्याने, चिंतेने दात आवळून धरल्याने स्नायू शिणतात. कानशिले ठणकतात, आणि कान निरोगी असूनही मनुष्य कानात औषध घालीत बसतो. १९३४ साली अमेरिकेतील डॉ. जेम्स कॉस्टन यांनी अशा तक्रारींचे कारण दातांच्या बिघडलेल्या ठेवणीत शोधले. पुढे दात घासून चावा जुळविण्याचे उपचार बोकाळले. परंतु ती उपपत्ती टिकली नाही. घासलेला दात पुन्हा वाढत नाही, हे ध्यानी ठेवून प्रथम साधे उपाय करावेत : काही दिवस मऊ अन्न, ऊन शेक, जांभईच्या वेळी हनुवटीखाली हात, आणि एरवी ओठ मिटलेले पण दात सुटे. रात्री दात खाणाऱ्यास दंतवैद्य दातांवर बसणारे आवरण करून देतात. बहुतेकांस एवढ्यानेच हळूहळू उतार पडतो. येथे धीर हेच औषध होय.

तथापि तीन प्रसंगी धीर घातक ठरतो. पहिला, जबडा निखळून तोंड मिटेनासे होणे. निखळलेला हनुसंधी जागी बसवून, शेकून, पट्टा बांधण्याचा विधी सुश्रुतसंहितेतही आहे. पण ते जाणत्याचेच काम, घरच्या माणसांचे नव्हे. दुसरा, सुपारी वा गुटखा खाणाऱ्याचे तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात मावत नसतील, तर तपासणी करून घ्यावी. गालाची आतील त्वचा ताठरण्याचा हा रोग असू शकतो, आणि त्यातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो.

तिसरा प्रसंग मुलांचा. मूल हनुवटीवर आपटते, जखमेला टाके पडतात, आणि सारे निश्चिंत होतात. परंतु तो आघात थेट कानापुढील सांध्यापर्यंत पोहोचलेला असू शकतो. तेथील मोड दुर्लक्षित राहिल्यास कधी कधी हाडे जुळून सांधा कायमचा जखडतो. मग तोंड उघडत नाही, खालचा जबडा खुरटतो, झोपेत श्वासही अडतो, आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून हनुवटीच्या जखमेबरोबर सांधाही तपासून घ्यावा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून मुलाकडून तोंड उघडण्याचा व्यायाम नेमाने करवावा. मूल रडते म्हणून तो टाळणे ही माया नव्हे.

आपल्या घरातील प्रत्येक मूल मोकळेपणी जेवो, बोलो आणि हसो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.