जिना चढताना लागणारी धाप



जिना चढताना धाप लागली, की 'वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच' अशी आपण समजूत घालतो. पुढे 'इको'च्या अहवालात 'इजेक्शन फ्रॅक्शन' ६० टक्के दिसते आणि घरातील सारे निश्चिंत होतात. परंतु हा आकडा हृदयाच्या आकुंचनाचा आहे, प्रसरणाचा नव्हे. हृदयाचा स्नायू ताठर झाला, की रक्त सामावून घेताना आतील दाब वाढतो व तो फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. 'हार्ट फेल्युअर'च्या सुमारे निम्म्या रुग्णांत हाच प्रकार असतो.

विश्रांतीच्या वेळी हा दाब प्राकृत असू शकतो. श्रम करताच तो चढतो. म्हणून रक्तक्षय व फुप्फुसांचे विकार तपासतानाच साठीपुढील वय, स्थूलता, उच्च रक्तदाब आणि अनियमित नाडी यांचाही एकत्रित विचार करावा लागतो. 'बीएनपी' ही रक्तचाचणी उपयुक्त खरी. पण स्थूल व्यक्तींत तिचा आकडा कमी येऊन फसगत होऊ शकते. शंका उरलीच, तर व्यायाम करवून दाब मोजतात.

२०२१ साली एम्पाग्लिफ्लोझिनमुळे अशा रुग्णांचे रुग्णालयात दाखल होणे घटते, हे सिद्ध झाले. निदानाला आता उपचाराची जोड आहे. तेव्हा घरातील ज्येष्ठ जिन्यात थांबू लागले, तर त्याला केवळ वार्धक्य म्हणू नका. वैद्यकीय सल्ला घ्या.