मापाचे चिलखत

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाविषयी बोलावयाचे म्हटले की बहुधा गोल करणाऱ्यांची नावे निघतात. आजचा विषय गोल अडवणाऱ्यांचा आणि त्यांच्या अंगावरील संरक्षक साधनांचा आहे. ही साधने खेळाडूंनी स्वतःच्या हिकमतीने, स्वतःच्या अंगमापाने कशी घडवली, त्यातले काय आजही घरी करण्याजोगे आहे आणि कोठे हात आवरावा, एवढाच या विवेचनाचा आवाका आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरातील मूल हॉकीच्या गोलात उभे राहते, त्या घराला तो किरकोळ वाटणार नाही.

प्रथम समोरून येणाऱ्या वस्तूचा विचार करू जाता, मैदानी हॉकीच्या चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते. बर्फावरील हॉकीत चेंडूऐवजी कठीण रबराची चकती असते. ती ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची आणि वजनाला जवळजवळ चेंडूइतकीच. ही वस्तू ताशी १०० किलोमीटर वेगाने आली, तर तिच्यातील ऊर्जा सुमारे ६२ ज्यूल भरते. सहा किलोंचे ओझे एक मीटर उंचीवरून अंगावर पडावे, तेवढा हा आघात. आणि तो ओझ्यासारखा पसरून नव्हे, तर एका लहानशा जागेवर बसणारा.

संरक्षक साधनाने दोन कामे करावी लागतात. बाहेरचे कठीण कवच आघात मोठ्या भागावर पसरवते आणि आतले मऊ अस्तर तो थोड्या अधिक अंतरात थांबवते. थांबण्याचे अंतर दुप्पट झाले की सरासरी बल निम्म्यावर येते. मात्र ही दोन्ही कामे साधन अंगाला नीट बसले असेल तरच होतात. सैल हेल्मेट आघाताच्या क्षणी फिरते आणि मोठ्या मापाचे नडगीचे पॅड धावताना बाजूला सरकून हाड उघडे टाकते. म्हणूनच या साधनांचा इतिहास हा बव्हंशी मापाचा इतिहास आहे.

तो घडला मुख्यतः कॅनडात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील गोलरक्षकांनी पायांना चक्क क्रिकेटचे पॅड बांधावयास सुरुवात केली. क्रिकेटचे पॅड समोरून उसळणाऱ्या चेंडूसाठी असतात. बर्फावरून सरपटत येणारी चकती त्यांच्या कडेवरून गोलात निसटे. १९२०च्या दशकात हॅमिल्टन शहरात घोड्यांचा चामडी साज शिवणाऱ्या एमिल केनेस्की यांनी हे पॅड रुंद केले आणि कातड्याच्या आत सावरीच्या कापसासारखा हलका कापूस भरला. कातडे, दाभण आणि मेण लावलेला दोरा ही त्यांच्या रोजच्या व्यवसायातली साधने होती. पुढे अनेक दशके त्यांचेच पॅड नामांकित गोलरक्षकांच्या पायांवर दिसत. १९४०च्या दशकात एमिल फ्रान्सिस या गोलरक्षकाने बेसबॉलचा हातमोजा घेऊन त्याला मनगट झाकणारी पट्टी शिवून घेतली. आज चकती झेलण्यासाठी जो हातमोजा वापरतात, त्याची सुरुवात या जोडकामात आहे.

चेहऱ्याचे संरक्षण मात्र फार उशिरा आले. १९२७ साली क्वीन्स विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या एलिझाबेथ ग्रॅहम यांनी तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा चढवून गोल राखला. व्यावसायिक खेळात १९३० साली क्लिंट बेनेडिक्ट यांनी नाकाचे हाड मोडल्यावर कातडी मुखवटा वापरून पाहिला. परंतु नाकावरचा जाड भाग पायाजवळची चकती दिसू देईना, म्हणून काही सामन्यांतच त्यांनी तो काढून ठेवला. पुढची जवळजवळ तीस वर्षे गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहिले, टाके घालून घेत राहिले आणि त्यालाच शौर्य म्हणण्याची रीत पडली.

ही रीत मोडणारे झाक प्लांत हे मॉन्ट्रियल संघाचे गोलरक्षक. अकरा भावंडांत थोरले, घरची गरिबी, आईकडून विणकाम शिकलेले. मोठे झाल्यावरही ते स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणत. अंगावर जे चढवायचे ते आपल्या हाताने, आपल्या मापाने करण्याची सवय या माणसाला खेळाच्या आधीपासून होती. १९५८ साली एका सामन्यात त्यांच्या कपाळावर चकती बसली, ती बिल बर्चमोर नावाच्या गृहस्थांनी प्रेक्षकांत बसून पाहिली. बर्चमोर काचतंतूंच्या कारखान्यात नोकरीस होते. त्यांनी प्लांत यांना कळवले की थेट चेहऱ्यावरच घट्ट बसेल असा पातळ मुखवटा काचतंतूंचा करता येईल.

त्यासाठी प्लांत यांच्या चेहऱ्याचा साचा घेण्यात आला. डोक्यावर पातळ मोजा ओढला, चेहऱ्याला मलम फासले, श्वासासाठी नाकात नळ्या बसवल्या आणि वर प्लास्टर लिंपले. त्या साच्यावर राळेत भिजवलेल्या काचतंतूंच्या कापडाचे थर चढवले. आपल्याकडे मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवून मुखवटे करतात, त्याच जातीचे हे काम. तयार झालेला मुखवटा वजनाने सुमारे चारशे ग्रॅम होता.

संघाचे प्रशिक्षक टो ब्लेक यांना ही कल्पना पसंत नव्हती. सरावात मुखवटा चालेल, सामन्यात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुखवट्यामुळे नजर अडेल आणि गोलरक्षक गाफील होईल, अशी त्यांना शंका वाटे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली असताना, अँडी बाथगेट यांचा फटका प्लांत यांच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून झाल्यावर त्यांनी सांगितले की मुखवट्याशिवाय ते बर्फावर उतरणार नाहीत. संघाजवळ दुसरा गोलरक्षक नव्हता. प्रशिक्षकांचा नाइलाज झाला. मॉन्ट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला आणि पुढे कितीतरी सामने संघ हरला नाही. मार्च १९६०मध्ये प्रशिक्षकांच्या आग्रहाखातर प्लांत यांनी एका सामन्यापुरता मुखवटा काढला. तो सामना संघ हरला आणि मुखवटा परत चढला. त्याच मोसमात मॉन्ट्रियलने सलग पाचव्यांदा स्टॅनली चषक जिंकला.

मुखवटा घालणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे काय, असा प्रश्न प्लांत यांना विचारला गेला. विमानातून छत्रीशिवाय उडी घेणाऱ्याला शूर म्हणायचे काय, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला हे उत्तर समजण्यास विमानापर्यंत जावे लागत नाही. त्या सामन्याच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत चढवून भेटीस गेले, असे बखरी सांगतात. त्या चिलखताने त्यांच्या शौर्यात उणेपणा आला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

त्यानंतर मुखवट्याचा प्रसार झपाट्याने झाला. एप्रिल १९७४ नंतर उत्तर अमेरिकेच्या प्रमुख साखळीत उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक उरला नाही. बॉस्टनचे गेरी चीव्हर्स यांच्या पांढऱ्या मुखवट्यावर तर, चकती जेथे बसली तेथे टाक्यांची काळी खूण रंगवण्याची प्रथाच पडली. मुखवटा नसता तर चेहऱ्यावर किती टाके पडले असते, याचा हिशेब सर्वांना दिसे.

परंतु अंगमापाने केलेल्या साधनाचीही मर्यादा याच इतिहासात आहे. १७ फेब्रुवारी १९७९ रोजी फिलाडेल्फियाचे गोलरक्षक बर्नी पॅरंट यांच्या मुखवट्यातील डोळ्याच्या छिद्रातून हॉकीच्या काठीचे टोक आत गेले. त्या दुखापतीने त्यांची कारकीर्द संपली. मुखवटा चेहऱ्याला अचूक बसत होता, परंतु त्याची रचना डोळा वाचवणारी नव्हती. त्यानंतर गोलरक्षक हेल्मेट आणि लोखंडी जाळी यांच्या जोडीकडे मोठ्या संख्येने वळले. माप ही सुरक्षिततेची अर्धी बाजू आहे. उरलेली अर्धी कवचाच्या रचनेची आणि तिच्या चाचणीची.

भारतात ही कथा वेगळ्या अंगाने घडली. लडाखमध्ये बर्फावरील हॉकीच्या आरंभीच्या काळात लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून स्केट तयार केले जात आणि लेहच्या गोठलेल्या करझू तलावावर खेळ चाले. मैदानी हॉकीत तर मुखवट्याविना उभ्या राहिलेल्या गोलरक्षकांची मोठी परंपरा आहे. महूचे शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचा गोल राखला. १९६४च्या टोकियोतील अंतिम सामन्यात पाकिस्तानला एकही गोल करू दिला नाही. पायांना पॅड होते, चेहरा उघडा होता. त्या पिढीची थोरवी निर्विवाद आहे. परंतु तिची उणीव म्हणजे आदर्श, असे समजून आजच्या मुलांना उघड्या चेहऱ्याने उभे करणे हा तिचा गौरव नव्हे.

केरळचे पी. आर. श्रीजेश यांच्या वडिलांनी मुलाच्या गोलरक्षणाच्या साहित्यासाठी घरची गाय विकली, हे सर्वश्रुत आहे. पुढे टोकियो आणि पॅरिस या दोन ऑलिंपिकमध्ये त्या मुलाच्या गळ्यात कांस्यपदक पडले. या कथेतील कौतुकाचा भाग सर्वजण सांगतात. तिच्यातला पैशाचा भाग पालकांना अधिक ओळखीचा आहे. गोलरक्षकाचे साहित्य महाग असते आणि मूल तर दर वर्षी वाढत असते. परिणामी बहुतेक शाळांत एकच संच पिढ्यान् पिढ्या फिरतो; बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर सतरा वर्षांच्या मुलाचे छातीचे कवच येते. ते खांद्यावरून घसरते, गुडघा उघडा पडतो, एकदा जोराचा मार बसतो आणि मूल गोलात उभे राहण्याचे सोडते. त्याला लोक भित्रे म्हणतात. वास्तविक त्याच्या अंगावरचे साहित्य त्याच्या मापाचे नसते.

अशा ठिकाणी घरची हिकमत खरोखर उपयोगी पडते. पट्टे हे तिचे पहिले क्षेत्र. झिजलेले वेल्क्रो उसवून नवे शिवणे, सैल पडलेले इलॅस्टिक बदलणे, नडगीच्या पॅडला पोटरीमागे आणखी एक पट्टा जोडणे ही कामे शिंपी किंवा मोची थोड्या पैशांत करतो. घरात शिवणकाम जाणणारे कोणी असेल तर तेवढेही नकोत. नवा पट्टा मात्र कापडी भागावर किंवा मूळ पट्टा जेथे शिवलेला आहे तेथेच जोडावा; कठीण कवचाला छिद्र पाडू नये.

दुसरे क्षेत्र अस्तराचे. हेल्मेटसोबत निरनिराळ्या जाडीच्या गाद्या मिळत असतील, तर त्या बदलून ते डोक्याला बेताचे बसवावे. हेल्मेटची कड भुवयांच्या वर एक-दोन बोटांवर यावी, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट शिरावे आणि मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावे, डोक्यावर फिरू नये. छातीच्या कवचाखाली घाम टिपणारा सुती बनियन घातला की त्वचा सोलवटत नाही. घरातला साधा स्पंज भरण्याचा मोह मात्र टाळावा. तो बोटाने दाबला तरी तळाला टेकतो. मग आघातासमोर त्याचा काय निभाव लागणार?

तिसरे साधन तर घरीच मापाचे करण्यासाठी विकले जाते, ते दातांचे माउथगार्ड. दिलेल्या सूचनेप्रमाणे गरम पाण्यात मऊ करून ते दातांवर बसवावयाचे, चावून धरावयाचे आणि बोटांनी बाहेरून दाबावयाचे. मोठ्यांनी पाणी हाताळावे आणि मुलाच्या तोंडात ते देण्यापूर्वी सोसवेल इतके निवले आहे याची खात्री करावी. दातांना तारा असतील तर आधी दंतवैद्याला विचारावे. दात आणि जबडा वाढत असताना ते वर्षातून एकदा तरी तपासावे. चावून फाटले की टाकून द्यावे.

हात आवरावयाचा तो कवचाच्या बाबतीत. हेल्मेटला छिद्र पाडणे, नजर अडते म्हणून जाळीची तार वाकवणे किंवा कापणे, हलके व्हावे म्हणून आतला फोम काढणे, नाव घालण्यासाठी वाटेल तो रंग फासणे ही कामे घरी करू नयेत. काही रंगांतील द्रावके प्लास्टिकला आतून ठिसूळ करतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. तडा गेलेले हेल्मेट चिकटवून मुलाच्या डोक्यावर ठेवू नये. ते निवृत्तच करावे. नियमांचेही भान ठेवावे. मैदानी हॉकीत प्रत्येक पायाचे पॅड ३०० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावे आणि गोलरक्षकाचे हातरक्षक २२८ मिलिमीटर रुंदी व ३५५ मिलिमीटर लांबी यांत बसावे, असे बंधन आहे. घरी केलेली जोड त्यापलीकडे गेली तर पंच साहित्य बाद ठरवतात.

निगा हाही मापाचाच भाग मानावा. घामट साहित्य पिशवीत कोंबून ठेवले की अस्तर कुजते. कडक उन्हात टाकले की कातडे तडकते. ते सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. मोसमाच्या आरंभी मुलाच्या अंगावर सर्व साहित्य चढवून त्याला वाकावयास, बसावयास, पडावयास सांगावे आणि कोठे टोचते, कोठे उघडे पडते, हे त्यालाच विचारावे. ज्याचे जळते त्याला कळते. सोळा वर्षांचा थोराड गडी आणि अकरा वर्षांची सडपातळ मुलगी यांची उत्तरे एक येणार नाहीत.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा साठ वर्षे चालवणाऱ्यांना घरच्या हिकमतीचे मोल वेगळे सांगावयास नको. माजी विद्यार्थ्यांनी आपले जुने पॅड आणि कवचे शाळेला जरूर द्यावीत. देताना मात्र तडे तपासावेत, पट्टे नवे करावेत आणि प्रत्येक वस्तूवर माप लिहावे. पालकांनी वर्षातून एक दुपार सुई-दोरा आणि मोजपट्टी घेऊन क्रीडासाहित्याच्या खोलीत घालवावी. हेल्मेट आणि जाळी यांसाठी वर्गणी काढावी, ती नवीच घ्यावीत. उरलेले पुष्कळसे हाताने साधते. पुढच्या मोसमात शाळेच्या गोलात जे मूल उभे राहील, त्याच्या अंगावर त्याच्या मापाचे चिलखत असावे, एवढी तजवीज या हीरक महोत्सवी वर्षात झाली तरी या समारंभाचे सार्थक होईल.