इमॅटिनिब : दोन स्फटिकांची कहाणी
(करोल बाग, दिल्ली येथे स्पर्धा परीक्षार्थींसमोरील व्याख्यानातून)

पेटंट कायद्याचे कलम ३(डी) आपणांस मुखोद्गत असेल. त्यामागील रेणू मात्र क्वचितच कोणी अभ्यासतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगात एबीएल हे किनेज प्रथिन अविरत कार्यरत राहते. इमॅटिनिब त्याच्या निष्क्रिय रूपालाच जखडून ठेवते, हे जॉन कुरियन यांच्या गटाने २००० साली स्फटिकरचनेवरून दाखविले.

नोव्हार्टिसचा पेटंट अर्ज मात्र निराळ्याच स्फटिकासाठी होता : खुद्द औषधाच्या बीटा रूपासाठी. उत्तरपत्रिकेत येथेच गल्लत होते! मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्यास हरकत घेतली. वाढीव उपचारक्षमता सिद्ध न झाल्याने १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. रुग्णाचा मासिक खर्च सुमारे सव्वा लाख रुपये की आठ-दहा हजार, हा प्रश्न त्यात गुंतलेला होता.