वहीत न लिहिलेला खर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



अर्थशास्त्र म्हटले की बँका, कारखाने नि सरकारी अंदाजपत्रक डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु धंद्यात कोणते काम करावे व कोणते सोडावे, हे ठरवतानाही त्याचा फार उपयोग होतो. पैसे किती सुटले एवढ्यावर ते थांबत नाही. तेच पैसे, तेच हात नि तोच वेळ दुसरीकडे लावला असता तर काय पदरात पडले असते, हेही ते विचारते.

लिज्जत पापडाची हकीकत घ्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे पावसाळा आला, पापड वाळेनात, आणि काम चार महिने बंद पडले. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी पापड खाटेवर पसरले आणि खाटेखाली स्टोव्ह ठेवला.

कोणी म्हणेल, उन्हाला पैसे पडत नाहीत, इंधनाला पडतात. तेव्हा हा पापड महागच पडला. पडला खरा. पण उन्हाळ्यातल्या पापडाशी त्याची तुलना करून काय उपयोग? तुलना करायची ती रिकाम्या बसलेल्या हातांशी. पीठ, मसाला, लाटणावळ आणि इंधन वजा जाता चार पैसे उरत असतील, तर स्टोव्ह पेटवावा. शिवाय चार महिने माल मिळाला नाही की दुकानदार दुसऱ्याचा माल ठेवतो. ते गिऱ्हाईक परत मिळवायला किती पडते, ते कुठल्या वहीत सापडणार?

याच संस्थेने काड्यापेट्या आणि अगरबत्त्याही करून पाहिल्या. जमेना, तेव्हा सोडून दिल्या. ‘एवढे पैसे घातले, आता सोडायचे कसे?’ असे आपण म्हणतो. पण धंदा चालू ठेवला म्हणून ते पैसे थोडेच परत येतात?

आता आपल्या फराळाकडे वळते. भाजणी, तेल, गॅस सारे वहीत लिहिलेले असते; चकल्या पाडणाऱ्या काकूंचे सहा तास मात्र कुठेच नसतात. मग शेवटी जो ‘नफा’ दिसतो, तो बहुतेक त्यांची न दिलेली मजुरीच नव्हे काय? त्या भरवशावर दुकानदाराला आणखी स्वस्त भाव देऊन आपण मोठी मागणी पत्करतो, आणि काकूंचे तास दुप्पट होतात! लिज्जतमध्ये लाटणावळ हा खर्च धरूनच भाव ठरतो.

येत्या दिवाळीला वहीत तासांचा एक रकाना वाढवावा. तेवढ्या वेळात शिवणकामाचे किती मिळाले असते, तो आकडा तिथे मांडावा आणि मग चकलीचा भाव ठरवावा. काही गिऱ्हाइके जातील, हे मला दिसते आहे. ज्यांना आपले तास मंडळाला आनंदाने द्यायचे असतील त्यांनी जरूर द्यावेत. फक्त ते देणगीच्या पानावर, त्यांच्या नावाने जमा करावेत.